बंबात काय जळतंय?

थंडी सुरू झाली की शिवडी, वडाळा, नायगाव, वरळी इथल्या वस्त्यांत पहाटे एक वास पसरतो. लाकडाच्या धुराचा वास आपल्या ओळखीचा आहे. हा तो नव्हे. हा उग्र असतो, घशात खवखवतो, जिभेवर कडवट चव ठेवतो. दारासमोर तीन विटांचं चुलाण पेटलेलं असतं किंवा पत्र्याचा बंब धडधडत असतो. आत प्लायवूडचे तुकडे, पाडलेल्या चाळीच्या दाराची फळी, चपलेच्या सोलची कात्रणं, शिवणकामाच्या गाळ्यातल्या चिंध्या, गणपतीच्या मंडपातून उरलेल्या पट्ट्या. पेटवायला दुधाची पिशवी. जाळ मंदावला की वरून फाटक्या बॅनरचा तुकडा. घरात सहा माणसं, सगळ्यांना सातच्या आत बाहेर पडायचं आणि आंघोळीला गरम पाणी हवं.

मुंबईची थंडी ती काय, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पारा बहुधा पंधरा-सोळा अंशांवरच उतरतो हे खरं. पण त्यांनी एकदा पत्र्याच्या घरात, ओल्या मोरीत, पहाटे पाचला पिंपातल्या पाण्यानं आंघोळ करून पाहावी. म्हातारी माणसं, दमेकरी, बाळंतीण, तान्ही पोरं यांना गरम पाणी ही चैन नाही. तेव्हा पाणी तापवू नका, असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. बंबात काय जातं आणि ते का जातं, एवढंच बोलायचं आहे.

दवाखान्यात धाप लागलेली बाई येते. तिला विचारतात, तंबाखू खाता का, मिश्री लावता का, घरात कुणी बिडी ओढतं का. बंबात काय घालता, असं कुणी विचारत नाही. तिलाही सांगावंसं वाटत नाही, कारण तिच्या लेखी ते आजाराचं कारण नसून पैसे वाचवणं आहे. जन्मात बिडी न ओढलेल्या बायकांची फुप्फुसं सराईत बिडीबाजासारखी झालेली असतात. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. ते आयुष्यभर चुलीपुढे, चुलाणापुढे बसून होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसं गेली, त्यातली दोन लाखांहून जास्त पाच वर्षांखालची मुलं होती. हा आकडा जास्त करून साध्या लाकूड-गोवरी-कोळशाच्या धुराचा आहे. आपल्या बंबातला माल त्याहून वाईट आहे.

आधी 'का' ते पाहू, कारण त्याशिवाय पुढचं बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

एक बादली म्हणजे वीस लिटर पाणी आंघोळीपुरतं कोमट करायला गॅसच्या शेगडीवर साधारण पासष्ट-सत्तर ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अशा दोनशे बादल्या. सिलिंडर साडेआठशेच्या पुढे गेलं, म्हणजे बादलीला चार रुपये. सहा माणसांचे रोज चोवीस-पंचवीस, महिन्याला साडेसातशेच्या आसपास. स्वयंपाक बाजूलाच राहिला, नुसत्या आंघोळीला जवळजवळ एक सिलिंडर. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या एका घरच्या पगारातला मोठा हिस्सा पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेला. पूर्वी रेशनवर रॉकेल मिळायचं, स्टोव्हवर हंडा चढायचा. ते गेलं. त्यानंतर उरला तो रस्त्यावर फुकट मिळणारा जाळ. लालबाग-परळला गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले, त्यांच्या स्वयंपाकघरात पाइपानं गॅस येतो. तो पाइप आपल्याच रस्त्याखालून जातो. वस्तीत मात्र गल्ली अरुंद आहे, जागा कुणाची ठरलेली नाही, असं सांगितलं जातं.

परळच्या चाळीत राहून बाबासाहेबांचा संसार ओढणाऱ्या माता रमाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. साहेब परदेशी शिकत होते आणि इथे चूल पेटवायला पैसे नव्हते. जळण वेचण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण गोवरी आणि फ्लेक्स यांत फरक आहे. गोवरीचा धूरही डोळ्यांना आणि छातीला वाईटच, त्याची भलामण आम्ही करत नाही. तरी गोवरी म्हणजे वाळलेलं गवत आणि शेण. फ्लेक्सचा बॅनर म्हणजे पीव्हीसी नावाचं प्लास्टिक, ज्यात वजनानं जवळजवळ अर्ध्याहून जास्त क्लोरिन असतं. रमाईंच्या काळी गरिबाच्या जळणात हे नव्हतंच. ते आपल्या वाट्याला आलं आहे.

आता बंबाच्या आत काय घडतं ते. कचरा जाळण्याचे जे मोठे सरकारमान्य कारखाने असतात, तिथे आग ८५० अंशांच्या वर ठेवावी लागते आणि धूर गाळून सोडावा लागतो. आपला बंब तेवढा तापत नाही, अर्धवट धुमसतो. पीव्हीसी असं धुमसलं की त्यातून हायड्रोक्लोरिक अॅसिडची वाफ निघते. संडास धुवायला आणतो ना, तेच अॅसिड, फक्त हवेत. घशात खवखवतं ते त्यानं. शिवाय डायॉक्सिन तयार होतं. ते शरीरातल्या चरबीत साठून राहतं, वर्षानुवर्षं निघत नाही, आणि ते कर्करोग करतं हे पक्कं ठरलेलं आहे. तांब्यासाठी वायर जाळणारी पोरं याच धुरात उभी असतात, उलट तांब्यामुळे डायॉक्सिन जास्तच बनतं. ते आईच्या दुधातही उतरतं. म्हणून कुणी अंगावरचं पाजणं बंद करू नये, आईच्या दुधाला तोड नाही. बंद करायचा तो फ्लेक्स.

फोमची गादी, नायलॉनच्या चिंध्या जळल्या की सायनाइडचा वायू निघतो. थर्मोकोलमधून निघणारा काळा धूर घरभर काजळी करतो. टायरचा तुकडा तासभर जळतो म्हणून आवडीनं घालतात. त्याच्या काजळीत कर्करोग करणारी द्रव्यं भरलेली असतात. प्लायवूडबद्दल मात्र लोकांचा मोठा गैरसमज आहे. ते लाकूडच की, असं म्हणतात. प्लायवूड म्हणजे पातळ पापुद्रे एकावर एक डिंकानं चिकटवलेले, कडेला पाहिलं तर थर दिसतात. दाबलेल्या भुशाचा बोर्ड तर डिंकावरच उभा असतो. हा डिंक फॉर्मल्डिहाइडचा. रुग्णालयात काम केलेल्यांना तो वास माहीत आहे, शवागारात आणि प्रयोगशाळेत जे फॉर्मालिन असतं ते याचंच. वर सनमायका असेल तर आणखी एक थर. बंबात हे सगळं एकत्र फुलतं आणि धूर वर न जाता गल्लीत बसतो. थंडीच्या पहाटे जमिनीजवळची हवा गार आणि जड असते, समुद्रावरचा वारा पडलेला असतो. गल्ली चार फुटांची. शेजारणीनं बंब पेटवला नसला तरी तिच्या पाळण्यातल्या बाळाच्या छातीत तो जातोच.

धुरातले सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. डोक्याच्या केसाच्या तिसाव्या हिश्श्याएवढे बारीक, ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात आणि तिथून रक्तात. म्हणून धुराचा त्रास नुसत्या खोकल्यावर थांबत नाही. हृदयविकार, अर्धांगवायू, कमी वजनाचं बाळ, हे सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. आणि आपल्या वस्त्यांत क्षयरोग आधीच घर करून आहे. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाची वाट न पाहिलेलं घराणं सापडणं कठीण. धुरानं दुबळी झालेली फुप्फुसं त्या जंतूला आयती सापडतात.

आता राखेबद्दल. हे कुणी फारसं बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

परळ, नायगाव, वरळी भागात जुन्या चाळी पडताहेत, पुनर्विकास चालू आहे. दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे ढिगानं निघतात. सागवान असेल ते कंत्राटदार विकतो, उरलेलं वस्तीत येतं. या दारांना पन्नास-साठ वर्षं दर दिवाळीला ऑइलपेंटचा हात दिलेला आहे. घराच्या रंगातल्या शिशावर आपल्या देशात कायद्यानं मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांत शिसं भरपूर असायचं. लाकूड जळून जातं, शिसं जळत नाही. थोडं धुरात जातं, बाकीचं राखेत बसतं. ती राख आपण डब्यात भरून ठेवतो आणि तिनं भांडी घासतो. लहान मूल ती राख हाताला लावतं, तेच हात तोंडात घालतं. मोठ्या माणसाच्या मानानं लहान मुलाचं शरीर चार-पाच पट शिसं शोषून घेतं. त्यानं लगेच ताप येत नाही, उलटी होत नाही. मूल अशक्त दिसतं, पोट दुखतं म्हणतं, अभ्यासात मागे पडतं, चिडचिडं होतं. शिक्षक म्हणतात लक्ष नाही. शिका म्हणून सांगणाऱ्या बापाची आपण लेकरं, आणि आपल्याच चुलाणाची राख पोरांच्या डोक्यावर बसते. शिशाचं इतकं प्रमाण चालतं अशी सुरक्षित पायरी मुलांसाठी नाही. रंगीत लाकडाची राख भांड्यांना लावू नये, कुंडीत टाकू नये, पोरांच्या हाताशी ठेवू नये. नारळाच्या शेंडीनं आणि साबणानं भांडी निघतात.

दारूखाना, रे रोड, शिवडी बंदराकडून येणारा माल वेगळा. जहाजातून निघालेल्या फळ्यांना गंज आणि कीड रोखणारे रंग असतात, त्या अजिबात नकोत. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कुठे मिळाले तर तेही नकोत, ते डांबरी तेलात मुरवलेले असतात. माल वाहायच्या पॅलेटवर एक शिक्का असतो, गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला. त्यात इंग्रजी अक्षरं एच.टी. असतील तर ते लाकूड नुसतं उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं. एम.बी. असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड नावाच्या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते घरात आणू नये. मुलगी शाळेत जाते ना, तिला वाचायला सांगा.

आणि आता बाळंतिणीची खोली. आमचं सगळ्यात जास्त भांडण इथे होतं.

सून पहिलटकरीण. रुग्णालयातून चौथ्या दिवशी घरी आली. बाजेखाली शेगडी ठेवायची, वर ओवा, शेपा, लसणीच्या सालपटांची धुरी, दार-खिडकी बंद, फटींना फडकी, वारा लागू नये म्हणून. निखारे कुठले? सकाळच्या बंबातले, तेच प्लायवूडचे. सासूबाई म्हणतात, "नर्सबाई, आम्ही पाच लेकरं शेगडीवर शेकून वाढवली." खरं आहे आजी. पण तुमची खोली कोकणात कौलाखाली होती, कुडाच्या भिंतीतून वारा ये-जा करत होता, शेगडीत बाभळीचा किंवा आंब्याचा निखारा होता. इथे खोली दहा बाय दहाची, वर पत्रा, पत्र्याखाली प्लास्टिक, आणि जिन्याखालची एक खिडकी डासांसाठी बंद केलेली. तोच शेक इथे जीव घेऊ शकतो.

निखारा बंद खोलीत मंद जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. धूर निघून गेला, निखारे लाल झाले, आता धोका नाही असं वाटतं, नेमका तेव्हाच तो असतो. रक्तातला जो भाग प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. माणूस झोपेत बेशुद्ध होतो. नवजात बाळ मिनिटाला चाळीसच्या आसपास, कधी साठपर्यंत श्वास घेतं, आपण पंधरा-सोळा. त्याच हवेतलं विष त्याच्या अंगात किती भरभर जात असेल ते पाहा.

घरातल्या दोघातिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळ, चक्कर, गुंगी आली, बाळ सुस्त पडलं, तर काही खाण्यात आलं असेल म्हणून बसू नका. आधी दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, शेगडी बाहेर फेका, आणि सरळ मोठ्या रुग्णालयात जा. बंद खोलीत निखारे होते हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा. कोविडपासून घरोघरी बोटाला लावायचं यंत्र आलं आहे. त्यावर भरवसा ठेवू नका. हा वायू रक्तात भिनलेला असला तरी ते यंत्र त्यालाच प्राणवायू समजतं आणि ९८ दाखवतं. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

मग बाळाला ऊब द्यायची कशी? आईच्या अंगानं. बाळाला लंगोट-टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर पोटाशी ठेवायचं, वरून चादर. १९७८ मध्ये कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडल्या म्हणून एका डॉक्टरांनी हे सुरू केलं. कांगारू पद्धत म्हणतात. आज कमी दिवसांच्या बाळांसाठी जगभर रुग्णालयांत हीच पद्धत वापरतात. बाप, आजी, मावशी, कुणीही ते करू शकतं. त्याला एक काडी जाळावी लागत नाही. बाळंतिणीची कंबर शेकायला गरम पाण्याची पिशवी पुरते, टॉवेलात गुंडाळून.

धुरी म्हणजे पवित्र, असं काही ज्येष्ठ उपासिका अजून म्हणतात. आपण आगीची पूजा करणारे नाही. उरुवेलेच्या जटिल काश्यप बंधूंनी अग्निपूजेचं सामान नदीत सोडलं आणि ते भगवंतांच्या संघात आले, ही कथा वर्षावासात आपण ऐकतो. धुरीकडेही तपासूनच पाहावं.

लहान मुलांच्या बाबतीत एक हिशोब प्रत्येक आईला पाठ हवा. मूल शांत असताना पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, असं असेल तर न्यूमोनियाचा संशय धरून त्याच दिवशी दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, दूध पीत नसेल, तर रात्र असली तरी निघायचं. बंबाच्या दिवसांत हे जास्त दिसतं.

सरकारकडे वळू. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्या आणि तंदूरवाल्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनावर यायला सहा महिन्यांची मुदत दिली. चांगलं झालं. आपला पाव ज्या भट्टीत भाजतो तिथेही जुनं फर्निचर, पाडकामातलं भंगार लाकूडच जळत आलं आहे. राष्ट्रीय हरित लवादानं तर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्याला देशभर बंदी घालून पाच हजारांचा दंड सांगितला. महानगरपालिकेनं २०२५ साली आपला दंड शंभराचा हजार केला. बेकरीवाल्याला मुदत मिळते, त्याची संघटना आहे, तो कोर्टात बाजू मांडतो. चुलाणापुढे बसलेल्या बाईला मुदत कोण देणार? तिच्या हातात थेट पावती. हजार रुपये म्हणजे एक सिलिंडर आणि वर सुटे. त्याच पैशात तिचा महिन्याभराचा बंब बंद झाला असता. देवनारच्या डम्पिंगला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला, दिवसेंदिवस शहर खोकत होतं. शहरभराचा कचरा जिथे जळतो तिथेही शेजारी गरिबांचीच वस्ती असते. दंड आधी आणि सोय नंतर, हा उलटा क्रम आम्हाला मान्य नाही.

सोय म्हणजे काय, तेही सांगतो. ज्या घरात बाईच्या नावानं गॅस नाही, तिनं उज्ज्वला योजनेत अर्ज करावा. भाड्यानं राहणाऱ्या, गावाहून आलेल्या कुटुंबाला पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचं घोषणापत्र चालतं, ही सवलत २०२१ पासून आहे. एजन्सीवाला परत पाठवत असेल तर हे त्याला सांगा, जमलं तर चार जणी मिळून जा. अनामत आणि एकरकमी पैसे जमत नसतील तर पाच किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं. किलोमागे महाग पडतं, पण बाळंतपणाच्या दोन महिन्यांना उपयोगी आहे. स्वतःच्या नावाचं मीटर असेल तर पाण्यात सोडायचा रॉड बहुतेक वेळा गॅसपेक्षा स्वस्त पडतो, बादलीला साधारण अर्धा युनिट. मात्र आयएसआय छापाचा घ्या, बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, लोखंडी बादली वापरू नका, आणि ओढून आणलेल्या वायरवर तो लावूच नका. अशा वायरी पेटून वस्त्या जळाल्या आहेत. दुपारी आंघोळ चालणाऱ्यांनी पत्र्यावर काळा कॅन पाणी भरून ठेवावा. मुंबईच्या थंडीत ऊन लख्ख असतं, दोनपर्यंत पाणी कोमट होतं.

आणि बंब पेटवावाच लागला तर कोरं, सुकं, बिनरंगाचं लाकूड, फळांच्या पेट्यांच्या फळ्या, करवंट्या, नारळाच्या शेंड्या एवढंच. पेटवायला कागद किंवा शेंडी. दुधाची पिशवी धुऊन साठवली तर भंगारवाला पैसे देतो, ती जाळणं म्हणजे पैसेच जाळणं. बंब दाराच्या तोंडाशी नको, वाऱ्याच्या बाजूला उघड्यावर हवा. हंड्यावर झाकण ठेवलं की जळण कमी लागतं. चार घरांनी एक बंब पेटवला तर धूर चौपट होत नाही. ही उसनवारी पूर्वी चाळीत होती.

प्लाय, फ्लेक्स, थर्मोकोल, गाद्या जाळायच्या नाहीत तर त्यांचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच. घंटागाडी ते उचलत नाही, म्हणून ते चुलाणात जातं. आठवड्यातून एक दिवस असा मोठा सुका कचरा वस्तीच्या तोंडाशी येऊन उचलावा, एवढी साधी मागणी आहे. परळ-शिवडीवाल्यांनी एफ दक्षिण, वडाळा-माटुंग्यानं एफ उत्तर, वरळीनं जी दक्षिण, दादर-धारावीनं जी उत्तर वॉर्डात लेखी अर्ज द्यावा, विहाराच्या शिक्क्यानं, आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं वॉर्डात टिकत नाही. गणेशोत्सवाच्या मंडळांनीही उरलेली प्लायवूडची सजावट वस्तीला 'दान' करायचं बंद करावं. ती कंत्राटदारानं परत न्यावी.

शेवटी एक घरातली गोष्ट. ६ डिसेंबर आणि १४ एप्रिल या दोन दिवसांना आपल्याच वस्त्यांत किती फ्लेक्स लागतात, ते मोजा. प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक शाखेचा, प्रत्येक इच्छुकाचा, कोपऱ्यात साहेबांचा फोटो आणि बाकी सगळीकडे शुभेच्छुकांचे चेहरे. आठवड्यानं ते उतरतात. काही पत्र्यावर ताडपत्री म्हणून जातात, पावसाळ्यात फाटतात आणि थंडीत बंबात जातात. चैत्यभूमीला आलेली गावाकडची माणसं शिवाजी पार्कच्या कडेला रात्री गारठून बसतात, तेव्हा शेकोटीत पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले आणि असाच एखादा फ्लेक्स पडलेला आम्ही पाहिला आहे. त्यांना ओरडण्यात अर्थ नाही, त्यांना घोंगडी-चादर आणि गरम चहा मिळेल अशी व्यवस्था शाखांनी करावी. पण फ्लेक्स छापणारे आपण आहोत. येत्या जयंतीला कापडी फलक रंगवून घ्यावेत, महाग पडतात तर निम्मे लावावेत. पुढच्या वर्षी तारीख बदलून तेच लावता येतात, आणि फाटले तर त्यांच्या पिशव्या शिवता येतात. महिला मंडळाच्या फेब्रुवारीतल्या बैठकीत, रमाई जयंतीच्या आधी, हा विषय घ्यावा. ठराव झाला की त्याची एक प्रत छपाईवाल्याला द्या, एक वॉर्डात.